दुसरा दगड

कॉर्क, १४ मे २०२३

प्रिय केतुरा,

पाकीट फोडण्याआधी तू मागचं नाव वाचलं असशीलच. तरी फोडलंस, म्हणून आधी आभार.

तुझा पत्ता साक्षीने दिला. आपल्या शाळेच्या ग्रुपवर आता एकवीस जणी आहोत, सगळ्यांचे गुडघे दुखतात. मी तुझी चौकशी केली तेव्हा साक्षी तीन दिवस गप्प होती. मग तिने कळवलं, "पत्ता दे म्हणाली. फोन नंबर देऊ नकोस म्हणाली." मला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. मी मात्र तो पत्ता तीन ठिकाणी उतरवून ठेवला.

मी सध्या आयर्लंडमध्ये आहे, प्रसन्नकडे. प्रसन्न माझा मुलगा. टोपरं घातलेला त्याचा फोटो मी तुला इस्राएलात, अश्दोदला पाठवला होता. आता तो इथल्या औषधांच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि टोपऱ्याची गरज पुन्हा पडेल इतके केस गेलेत. सून गिरिजा गुणी आहे. नात रुचा नऊ वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही इथल्या हेलात. प्रसन्नच्या बाबांना, विवेकना, जाऊन चार वर्षं झाली.

एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगू? इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि वहीला कॉपी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चष्मा शोधत होते, तर रुचा म्हणाली, "आजी, इट्स इन द प्रेस." मी होते तिथेच उभी राहिले. शाळेतल्या सिस्टर बर्नडेट आठवल्या. "गर्ल्स, कॉपीज इन द प्रेस, अँड नो चॅटरिंग." आपल्याला वाटायचं ही नन लोकांची खास भाषा. त्या बिचाऱ्या त्यांच्या गावचं बोलत होत्या. इथे दुकानात, बसमध्ये सगळ्या बायका सिस्टर बर्नडेटसारख्या बोलतात, आणि मला दर वेळी वाटतं, मागच्या बाकावरून तू माझी वेणी ओढशील. गिरिजाला हे सांगितलं. ती हसली. पण तिला माझ्या वेणीचं काय माहीत?

आता मुद्द्याचं. परवा माझा वाढदिवस झाला. प्रसन्नने भेट म्हणून मला एका दिवसाची सहल दिलीय. फक्त माझ्यासाठी एक गाईड आणि त्याची गाडी. समुद्र, कडे, मेंढ्या, किल्ला असा बेत त्याने आखला होता. मी म्हटलं, मला लिस्टोवेलला जायचंय. केरी परगण्यातलं लहानसं गाव. तिथे एका बागेत नाझींनी मारलेल्या ज्यू लोकांचं स्मारक आहे, असं मी वाचलं होतं. प्रसन्न म्हणाला, "आई, वाढदिवसाला कुणी असल्या जागी जातं का?" मी म्हटलं, माझं काम आहे. त्याने गिरिजाकडे पाहिलं. अलीकडे दोघं असे एकमेकांकडे बघतात.

काम तुला माहीत आहे.

चौऱ्याहत्तरमध्ये तुझी आई गेली आणि पंचाहत्तरमध्ये तुम्ही सगळे इस्राएलला निघालात. निघायच्या आठवड्यात तू मला पुण्यातल्या तुमच्या ज्यू लोकांच्या कबरस्तानात घेऊन गेलीस. तुझ्या आईची, मावशींची, कबर दाखवलीस. म्हणालीस, दरवर्षी एकदा ये, एक दगड ठेव, आणि ठेवलास की मला लिही. मी म्हटलं फुलं आणीन. तू म्हणालीस, फुलं नकोत, सुकतात. दगड डाव्या हाताने ठेवायचा. मी म्हटलं, आमच्यात डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत. तू म्हणालीस, "मग उजव्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धर, आणि डाव्याने ठेव." आपण तिथेच हसलो. कबरस्तानात हसलो म्हणून नंतर दोघीही घाबरलो.

मग तुझं लग्न झालं. तुझ्या सासूबाई हंगेरीच्या. त्यांचे आईवडील आणि धाकटी बहीण छावणीत मेले आणि कुणाचीच कबर नाही, हे तू लिहिलं होतंस. त्या तुला म्हणाल्या होत्या, तुझ्या आईला कबर आहे आणि तिथे जाणारी मैत्रीण आहे, तू श्रीमंत बाई आहेस. आणि त्यांनी माझ्यासाठी निरोप दिला होता, जाल तेव्हा तुमच्या दगडाशेजारी दुसरा दगड माझ्या बहिणीच्या नावाने ठेवा. मी उलटटपाली हो लिहिलं.

पुढे काही वर्षं मला जमलं नाही. चौऱ्याण्णवमध्ये तू भारतात येऊन स्वतः पाहून गेलीस, मला न भेटता. मग माझी सगळी पत्रं एका खोक्यातून परत आली. वर माझा पत्ता तुझ्या अक्षरात होता. आत चिठ्ठी नव्हती. मी प्रत्येक पाकीट झटकून पाहिलं.

सासूबाई आता नसतील. तो दुसरा दगड निदान इथे तरी ठेवून येते. शुक्रवारी जातेय. शनिवारी नाही, तो तुमचा शब्बाथ, तेवढं माझ्या लक्षात आहे.

तुझी वसू


कॉर्क, २० मे

प्रिय केतुरा,

काल जाऊन आले.

गाईडचं नाव डोनाल. साठीच्या पुढचा, लांबोडका, गाडीत बसताना घडी घालून बसतो. तो पस्तीस वर्षं केरीत पोस्टमन होता. मला म्हणाला, आधी पत्रं पोचवायचो, आता पाहुणे पोचवतो, पाहुणे जास्त बोलतात एवढाच फरक. गाईडचं काम करायला लागून नऊ वर्षं झाली, पण या बागेत न्या असं म्हणणारी मीच पहिली. दारात मला घ्यायला आला तेव्हा प्रसन्नला त्याने हळूच विचारलं, तुमच्या आई ज्यू आहेत का? प्रसन्न म्हणाला, नाही, त्या हट्टी आहेत.

मॅलो गाव मागे टाकलं आणि पाऊस लागला. इथला पाऊस पडतो असं म्हणवत नाही, तो नुसता हवेत असतो. डोनालने मला सिस्टर बर्नडेटबद्दल बोलतं केलं. त्या केरीच्याच, एवढं आपल्याला ठाऊक होतं. गाव कोणतं, ते आपण कधी विचारलंच नाही. डोनाल म्हणाला, त्या काळी या रस्त्यावरच्या घराघरांतून एक तरी मुलगी नन होऊन लांबच्या देशात गेली. आया वर्षातून चार वेळा पत्राची वाट बघत. मुली प्रत्येक पत्रात लिहीत, इथे सगळं छान आहे.

मी खिडकीबाहेर बघत बसले.

बाग नदीजवळ आहे. पूर्वी तिथे गावाचा उकिरडा होता, डोनाल सांगत होता. आता झाडं, फुलांचे ताटवे, पायऱ्या. स्मारक अगदी साधं आहे. रेल्वेच्या रुळांखाली असतात ते जाड लाकडी स्लीपर आणि त्यांना जखडणाऱ्या साखळ्या. लाकूड पावसाने काळं पडलेलं. एक बाई कुत्र्याला घेऊन आली, "ग्रँड सॉफ्ट डे" म्हणाली आणि निघून गेली. ग्रँड म्हणजे छान, सॉफ्ट म्हणजे हा असा भिजवणारा. सिस्टर बर्नडेट पुण्याच्या जुलैलासुद्धा सॉफ्ट म्हणायच्या, आठवतं?

दगड मी नदीकाठून घेतला. हाताच्या तळव्यात मावेल एवढा, करडा, मधून एक पांढरी रेघ गेलेली. डोनाल टोपी काढून लांब उभा राहिला. मी दगड डाव्या हातात घेतला, तुझ्या सासूबाईंच्या बहिणीचं नाव मोठ्याने घेतलं आणि तो लाकडाच्या पायथ्याशी ठेवला. तेवढ्यात पाऊस थांबला आणि कुठूनसं एक लहानसं पाखरू येऊन दगडाशेजारी बसलं. क्षणभर बसलं आणि उडून गेलं. मला वाटलं, पोचलं.

आता तरी तुझं मन थोडं निवळेल का, केतुरा? मी काही मागत नाही. फक्त तुला सांगावंसं वाटलं.

प्रसन्न ऑफिसला जाताना पत्र पेटीत टाकेल.

तुझी वसू


कॉर्क, २४ मे

केतुरा,

वीस तारखेचं पत्र खोटं आहे.

ते तुला मिळालं असेल किंवा मिळेल. मला ते परत हवं होतं. सोमवारी सकाळी प्रसन्नने ते टाकलं असं कळल्यावर मी डोनालला फोन केला, पेटीतून पत्र परत काढता येतं का म्हणून. तो म्हणाला, "आमच्याकडे म्हणायचे, पेटीत पडलं की ते लिहिणाऱ्याचं राहत नाही. ज्याला लिहिलं त्याचं होतं."  मग तो म्हणाला, "दुसरं लिहा, बाई. दुसरं लिहायला कुणाची बंदी नाही."

म्हणून हे लिहिते आहे.

बाग खरी. लाकडं, साखळ्या, कुत्र्याची बाई, सगळं खरं. मी दगड घेतला आणि लाकडापाशी गेले तेही खरं. मी तो डाव्या हातात घेतला, तोंड उघडलं, आणि मला नाव आठवेना.

तुझ्या सासूबाईंच्या बहिणीचं नाव. तू मला दोनदा लिहिलं होतंस, एकदा हिब्रूत, एकदा आपल्या अक्षरांत. आणि मी तुला दरवर्षी लिहिलं होतं, नाव घेऊन ठेवला, नाव घेऊन ठेवला. तोंडाने ते नाव मी एकदाही उच्चारलेलं नव्हतं, म्हणून जिभेला माहीतच नव्हतं. तुझी पत्रं पुण्याला कपाटात आहेत. मी पावसात उभी राहून बाराखडी म्हणून पाहिली. कसल्या बाईसाठी मी आले होते, केतुरा? तिचं वय किती होतं, तेही मला ठाऊक नाही.

डोनाल जवळ आला. मी त्याला सगळं सांगितलं, तुला कधी सांगितलं नाही तेसुद्धा. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. तो दगडाकडे बघून म्हणाला, "पाकिटावर नाव नसलं तर आम्ही ते फेकून देत नसू. बाजूला ठेवत असू. कधी ना कधी कुणीतरी विचारायला येतं." मग म्हणाला, चहा प्या. दगड माझ्या कोटाच्या खिशात राहिला. अजून तिथेच आहे. काल गिरिजाने कोट धुवायला घेतला तेव्हा मी इतक्या जोरात नाही म्हटलं की रुचा दचकली.

पाखरू नव्हतं. तू ते ओळखलंच असशील. माझ्या प्रत्येक खोट्या पत्रात एक पाखरू आहे. ते खोकं आल्यावर मी सगळी पत्रं ओळीने वाचली. बुलबुल, साळुंकी, एका वर्षी तर खंड्या, कबरस्तानात पाणी नसताना. खऱ्या दोन पत्रांत पाखरू नाही. पहिल्यात लिहिलंय, ऊन फार होतं आणि चप्पल तुटली.

होय, दोनच खरी. मागच्या पत्रात मी "काही वर्षं जमलं नाही" असं लिहिलं. काही नाही. पंचाहत्तर आणि शहात्तर, एवढीच दोन वर्षं मी गेले. सत्याहत्तरमध्ये माझं लग्न झालं. पुढच्या वर्षी दिवस गेले होते आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाई कबरस्तानात जाते का कुठे? मी गेले नाही. तुला तसं लिहायची लाज वाटली. तुझ्या आईची जागा आमच्या घरात विटाळाची झाली, हे कसं लिहू? म्हणून गेले असं लिहिलं. आणि तुझं किती सुंदर उत्तर आलं. तू पत्र तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं होतंस, ओळीओळीचा अर्थ सांगून, आणि त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. पाखराच्या ओळीला त्या रडल्या, असं तू लिहिलं होतंस.

त्यानंतर मला कुणी अडवत नव्हतं. विवेकची बदली अकोल्याला झाली, मग इंदूरला, पण मी दर मे महिन्यात माहेरी पुण्याला येतच होते. आईच्या घरापासून कबरस्तान रिक्षाने वीस मिनिटं. मी आंबे आणायला त्याहून लांब जायची. पण जाण्यापेक्षा लिहिणं सोपं होतं आणि लिहिलेलं जास्त सुंदर व्हायचं. गेले असते तर ऊन, काटे, तुटलेली चप्पल. बसून लिहिलं की तुझी आई माझ्या पत्रात स्वच्छ, सावलीत निजलेली असायची. मला ते पत्र लिहिण्याची ओढ लागली होती. वर्षातून एकदा मी चांगली बाई असायची.

तू चौऱ्याण्णवमध्ये आलीस तेव्हा कबर घाणेरीच्या झुडपांनी झाकलेली होती आणि नावाच्या फरशीचे दोन तुकडे झाले होते, हे मला साक्षीने खूप नंतर सांगितलं. तू तिच्याकडून कोयता मागून घेतलास आणि दिवसभर एकटी साफ करत बसलीस. ती मदतीला येते म्हणाली तर म्हणालीस, नको, तिथे दरवर्षी येणारी माझी मैत्रीण आहे. साक्षीला वाटलं, तू गंमत करते आहेस.

मला तुझी फार आठवण येते. हे लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहिते. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगता आलं नाही, असं कितीतरी गेल्या एकोणतीस वर्षांत मनात तुझ्याशी बोलून झालंय. तुमच्या रास्ता पेठेतल्या घराच्या दाराच्या चौकटीवर ती लहानशी नळी होती, आत तुमच्या प्रार्थनेचा कागद असलेली, येता जाता तू तिला बोट लावून ओठांना लावायचीस. मीही तुझ्या मागोमाग लावायची. मावशी म्हणायच्या, लाव गं, तुझंही काही बिघडणार नाही. नव्या वर्षाच्या चिकाच्या हलव्याची माझी वडी वेगळी काढलेली असायची. तुमच्या मलिद्याच्या विधीच्या ताटातले गोड पोहे मी दोन्ही हातांनी खायची. त्या बाईकडे मी वीस मिनिटं गेले नाही.

क्षमा मागत नाही. मागायची तर त्यांच्याकडे मागायला हवी, आणि तुझ्या सासूबाईंकडे. तुझ्याकडे एकच मागते. ते नाव मला कळव. बाकी काही लिहू नकोस. कार्डावर नुसतं नाव लिही. मी ते मोठ्याने म्हणेन, रोज म्हणेन, जिभेला सवय होईपर्यंत. मग दगड ठेवेन.

नाही लिहिलंस तरी तो मी टाकणार नाही.

वसू


कॉर्क, ९ जुलै

प्रिय केतुरा,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. सकाळी दारात पडलेलं रुचाने उचललं आणि मला म्हणाली, "आजी, समवन रोट टू यू इन मराठी." तिने ते आधी उलटंच धरलं होतं. मी लांबूनच अक्षर ओळखलं. तुझा र अजून तसाच आहे, शेपूट ओळीखाली जाणारा. सिस्टर बर्नडेट मराठी न वाचताही त्याला "अनटायडी" म्हणायच्या.

पन्नास वेळा वाचलं. तीनच ओळी आहेत म्हणून पाठ व्हायला वेळ लागला नाही.

इलोंका. वय अकरा.
आधी आईचा.
पाखरं नकोत.

शेवटची ओळ वाचून मी हसले आणि मग मला स्वयंपाकघरातून उठून जावं लागलं. गिरिजा मागोमाग आली. यावेळी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या कोटाच्या खिशात हात घालून दगड बाहेर काढला, हातात धरून पाहिला आणि परत ठेवला.

अकरा म्हणजे रुचापेक्षा दोन वर्षांनी मोठी. रुचाला मी ते नाव म्हणायला शिकवलं. मला ते अजून अडखळतं, तिला लगेच जमलं. कोण आहे ती, असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीच्या घरची एक मुलगी. तिच्यासाठी मला एक काम करायचंय, खूप उशीर झालाय. रुचा म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, आजी."

आधी मी ठरवलं होतं, तुझं उत्तर आलं की दुसऱ्याच दिवशी लिस्टोवेलला जाऊन दगड ठेवायचा. डोनाल न्यायला तयार होता, पैसे नको म्हणत होता. पण तू लिहिलंस, आधी आईचा. तुझं बरोबर आहे. तुझ्या सासूबाईंनीही तेच सांगितलं होतं, तुमच्या दगडाशेजारी दुसरा. पहिला नसताना दुसरा कसा ठेवणार? डोनालला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग पत्ता बरोबर मिळाला म्हणायचा."

माझं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. प्रसन्नने ते बदलून एकोणीस जुलैचं करून दिलं. यावेळी त्याने गिरिजाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पुण्याला उतरले की साक्षीला बरोबर घेणार नाही, एकटी जाणार. कोयता घेऊन जाईन. मावशींसाठी दगड तिथलाच, पुण्याचा घेईन. शेजारी हा, पांढऱ्या रेघेचा. सामानात टाकणार नाही, खिशातच राहील.

तिथे ऊन असेल की पाऊस, झुडपं किती वाढली असतील, फरशीवरचं नाव अजून वाचता येतं का, मला माहीत नाही. आत्ता मी त्यातलं काहीही लिहू शकले असते, आणि छान लिहिलं असतं.

लिहीत नाही. जाऊन आले की लिहीन.

वसू